टाकी

सव्वापाचला उठतो. नळ एक दिवसाआड,
आज आपला नाही, म्हणजे मोटार लावायची नाही,
म्हणजे पाऊण तास माझा.

गच्चीवर स्टूल, मांडीवर प्लायवूडचा तुकडा.
कागद म्हणजे दुकानातल्या रद्द शेडकार्डांची पाठ.
पुढच्या बाजूला कंपनीनं ठेवलेली नावं,
शाही केशर, पहाटेचा गुलाबी,
मागं मी काढतो
समोरच्या पौनीकर काकूंची काळी टाकी.

काळी म्हणायची पद्धत आहे.
माझ्या डब्यात काळा नाहीच.
निळ्यात थोडी काव, काव जास्त झाली की पुन्हा निळा,
मग थोडं थांबायचं,
गोळीबार चौकाकडून पोहेवाल्याची गाडी खडखडत जाईस्तोवर.
उत्तरेला कोराडीच्या चिमण्या उजळतात,
टाकीच्या एका खांद्यावर जांभळं काहीतरी येतं
आणि मी खाली ब्रश धुवेपर्यंत निघून जातं.

दिवसभर इतवारीत मशीनखाली डबे लावतो.
गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येतं,
'हाच पायजे, सेम.'
आणि सेम मिळतो. चार थेंब, दोन थेंब, झाकण, हलवा.
इथं अकरा महिने झाले.

मे महिन्यात ब्रश उचलायच्या आत रंग वाळायचा,
कडा राहायच्या, खरकट्या ताटासारख्या.
पेल्यात बर्फ टाकून पाहिला.
मग लहान काढायला लागलो, तळहाताएवढी टाकी,
वाळायच्या आत संपणारी.
आमचा एक चित्रकार मित्र याला माझी शैली म्हणतो.

काही दिवस नुसतेच गेले.
हात आपला टाकी काढतोय, मी भलतीकडंच:
गाडीचा हप्ता, पोरीच्या स्कूटीचं पंक्चर.
तेही कागद फाडले नाहीत.
केशरावर, गुलाबीवर तारीख टाकली
आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले.

दिवाळीनंतर एकदा काकूंनी पलीकडून हटकलं,
'काऊन हो भाऊ, रोज काय पाहून राह्यले आमच्या गच्चीकडं?'
चोरी पकडल्यासारखा डबा घेऊन गेलो.
बाजेवर बसून त्यांनी सगळे कागद पाहिले,
एकेक, न बोलता,
चाळीस वर्षं मागावर काठ विणलेल्या बोटांनी
कडेकडेनं चाचपत.
शेवटी म्हणाल्या,
'सारं बराबर हाये. पन पानी किती होतं,
थे कुठी दिसते?'

मी हसलो. म्हटलं, काकू, टाकीला झाकण असतं.
'मले तं जिना चढाच्या आधीच दिसते.'

डिसेंबरात दिसलं.
वरचा रिकामा भाग दवानं राखाडी,
खालचा कोरडा, गडद;
आत पाण्यानं कालचं ऊन अजून सोडलेलं नव्हतं.
मधे एक आडवी रेघ, केसाएवढी,
उन्हं आली की पुसली जाणारी.
जानेवारीतही ती असणारच.
माझ्या एकतीस जानेवाऱ्यांपैकी एकीतही नाही.

पहिल्या दिवशी रेघ जाड झाली,
टाकीला तडा गेल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी घाबरत काढली, तर दिसेचना.
आठवडाभर मी टाकी सोडून
फक्त ती सीमाच काढली:
ओल्या राखाडीला कोरड्या निळ्याशेजारी नेऊन सोडायचं,
मधे ब्रश न्यायचाच नाही,
श्वासही जपून.

काल जमलं असं वाटलं.
आंघोळही न करता कागद घेऊन गेलो.
काकूंनी डोळे बारीक केले,
कागद हातभर लांब धरला, मग टाकीकडं पाहिलं.
'पाऊन होती,' म्हणाल्या,
'तुमी अर्धी काढली.'

आज नळ आहे.
खाली मोटार लावून आलोय, दुकान नऊला.
उद्या पाहू.