बुडालेलं सत्र

गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव चुकलंय: वेल्दा.
वेल्ता ते दुरुस्त करायला जात नाही.
कुल्दीगाहून पहाटेची बस धरून रीगाला आलीय ती,
पियानो जुळवणाऱ्यांच्या अधिवेशनाला,
पहिल्यांदाच, पदरचे पैसे मोडून.

रात्रीच आखून ठेवलेलं सगळं:
साडेनऊ, तारांचा ताण. अकरा, दमट हवा आणि लाकूड.
पुढून तिसरी रांग. कोरी वही.
दुपारपर्यंत भरली चार पानं
आणि हाताआड दाबलेल्या कितीतरी जांभया.

जेवणाच्या रांगेत पुढे एक म्हातारा,
लिएपायाचा तालिवाल्दिस.
"उजवं मनगट दुखतं ना?
दार खांद्यानं ढकललंस, तेव्हाच कळलं."

मग पुढचं सत्र बुडालं.
कोट टांगायच्या खोलीत, ओल्या लोकरीच्या वासात,
खुर्चीच्या पाठीला चावी लावल्यासारखं करून
त्यानं दाखवलं कोपर कुठं टेकायचं,
जोर मनगटातून नाही, पाठीतून कसा आणायचा,
आणि सुराच्या केसभर पुढं जाऊन
मग मागं कसं यायचं.
"पहिल्यांदा तार खोटं बोलते," म्हणाला.

तिनं लिहून घेतलं नाही.
एकवीस वर्षं एकटीच जुळवतेय ती
शाळेतला, चर्चमागच्या खोलीतला,
आणि ते घरोघरचे, ज्यांच्यावर आता नुसते फोटो असतात.
तिची चूक ऐकू येईल असा
दुसरा कानच नव्हता गावात.

परतीच्या बसमध्ये वही पिशवीत,
बिल्ला अजून गळ्यात,
आणि पुढच्या सीटच्या पाठीवर टेकलेलं कोपर
केसभर पुढं, मग मागं.
शेजारचा मुलगा जरा सरकून बसतो.