मनगटावरचं रबर

सहा वाजून दहा मिनिटांनी हळदीची वखार बंद होते,
सहा वीसला मी गणपती पेठेत असते.
मधली दहा मिनिटं मी नसतेच,
नुसती जीभ स्कूटर चालवते.

कुंतिनाथ मला लांबून ओळखतो,
तोंडावरून नव्हे, फाटक्या हॉर्नवरून.
"न्हेमीचंच न्हवं, वैनी?" हे विचारणं त्यानं कधीच सोडलं.
पावशेर भडंग तोलतो, वर एक मूठ टाकतो,
पिशवीच्या गळ्याला रबर चढवतो, म्हणतो,
"ऊन हाय अजून. जरा दम धरा."

धरते. आयर्विन पुलापर्यंत धरते.
तिथं स्कूटर कडेला, नदीकडे पाठ,
रबर मनगटावर.
आधी लसूण शोधायचा, तळून तांबडा झालेला.
मग कढीपत्ता, काच मोडावी तसा मोडणारा.
मग शेंगदाणे, एकेक, कंजूषपणानं.
आणि सगळ्यात शेवटी नुसते चुरमुरे,
ज्यांना स्वतःची अशी चव नसते,
शेजाऱ्यांच्या तिखटावर जगतात बिचारे.
तेच मला सर्वांत आवडतात.

बोटं वखारीतूनच पिवळी येतात.
फोडणीची हळद कुठली, पोत्यातली कुठली,
ते चाटताना कोण बघतो.

चातुर्मासात घरी लसूण नसतो.
कुंतिनाथही आपल्यातलाच, त्याला ठाऊक आहे,
चार महिने मला वेगळ्या डब्यातलं देतो.
मीही मुकाट्यानं खाते, आणि दर घासाला
नसलेला लसूण शोधते.
पाप कशात धरायचं,
हे अजून कुणा महाराजांना विचारलेलं नाही.

"कंटाळा येत नाही?" भूपाल एकदा म्हणाले.
म्हटलं, "तुम्हाला रोज भिंतीकडच्या बाजूला झोपायचा येतो?"
त्या रात्री ते मुद्दाम दाराकडे झोपले.
दोघंही पहाटेपर्यंत टक्क जागे.

पण भीती वाटते, ती वेगळीच.
आठवीत असताना मी बिस्किटाला लिंबाचं लोणचं लावून खायचे,
अख्खं वर्ष, वर्गात नाव पडलं होतं.
नंतर मामाच्या तासगावच्या शेडमधले बेदाणे,
जाळीवरून उचललेले, अर्धेकच्चे, आंबट.
मिरजेत होस्टेलवर दहीबुत्ती,
सकाळी दहीबुत्ती, रात्री दहीबुत्ती,
अकरा महिने. मेसवाल्या गंगव्वा
मला ताट न विचारता वाटी द्यायच्या.
आणि मग एके दिवशी
नको वाटली.
भांडण नाही, आजार नाही, काही नाही.
शेवटचा घास कुठला होता तेही आठवत नाही.
कुणी आधी सांगितलं असतं
तर हळू खाल्ला असता.

म्हणून मी रबरं जपते.
पुलावरून घरी आले की मनगटावरचं काढून
स्वयंपाकघराच्या कडीला अडकवते.
पिशवी पुन्हा बांधायची वेळ आजवर आली नाही,
ती पुलावरच संपते.
आता इतकी झालीत की कडी लागत नाही,
श्रेणिक म्हणतो, आई, आपण दुकान टाकूया का रबरांचं.

काल पुलावर लसूण झाला, कढीपत्ता झाला,
शेंगदाणे झाले.
खाली पाणी होतं तसंच, मागून ट्रक जात होते तसेच.
हात पिशवीत गेला
आणि तिथंच राहिला.
पोट भरलं नव्हतं. तिखटही बरोबर होतं.
मी जरा वेळ तशीच उभी राहिले,
कुणी ओळखीचं भेटावं आणि
त्याचं नाव आठवू नये, तशी.

घरी आले. मनगटावरचं रबर काढलं,
कडीपर्यंत नेलं,
आणि परत येऊन पिशवीला लावलं. दोन वेढे.
पिशवी फडताळात, डाळींच्या मागे.

कडीवर काल जितकी होती
तितकीच आहेत.
आज साडेसहा वाजून गेले.
कुंतिनाथनं तोलून ठेवलं असणार.