पन्नास

माझं अक्षर बरं, म्हणून यादी माझ्याकडे आली.
नाहीतर स्वतःच्या लग्नाची यादी
कोणती नवरी करते?

बाबांनी कपाटावरून आहेराची वही काढली,
वंदनाताईच्या लग्नातली, लाल पुठ्ठ्याची.
कोणाचे एकावन्न, कोणाचं ताट, कोणाचा गडवा,
भाऊरावकाकाच्या किरट्या अक्षरात
तीनशे ऐंशी नावं.
"याईचं आपल्यावर हाय," बाबा म्हणाले,
"एकेकाले बलावून फेडा लागते."
मग चष्मा पुसत, "पन्नासच म्हणते ना तहसील?"
पन्नासच.
त्यातले पंचवीस नवरदेवाकडचे.

मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस.
जिनिंग बंद, काटा बंद, टोकन येईना.
पाहुण्यांच्या गाद्या पडायच्या तिथे
हाच एक पाहुणा शिमग्यापासून मुक्कामाला,
आणि त्याला मोजायचं नव्हतं.
आम्ही उंबऱ्यात बसून लिहायचो, अंग खाजवत.

पहिला दिवस सोपा गेला.
पुणं आपोआप गळलं, गाड्याच नव्हत्या.
यवतमाळ गळलं,
जिल्ह्याच्या सीमेवर बांबू आडवे.
दुसऱ्या दिवशी बँड अडला.
बँडवाले माणसांत धरायचे की सामानात?
जनार्दनने फोनवर स्वतःच सोडवलं,
"मी एकटाच येतो ताई, क्लॅरिनेट घेऊन.
फक्त तोंडाले फडकं बांधून वाजवू कसं,
तेवढं साहेबाले इचारून ठेवजा."

मग वहीत माणसं लागली.
सरूबाई नेवारे, अकरा रुपये, एक स्टीलचा पेला.
गावात कोणाचंही लग्न असो,
अकरा रुपये, एक स्टीलचा पेला.
रेघ मारली.
पुंडलिक मास्तर, ज्यांनी छडी मारून मारून
मला हे अक्षर दिलं.
रेघ.
कुमुद.
पेन नुसतंच टेकवून बसले, शाई पसरली.
एक मात्र जपलं, रेघ बारीक मारायची,
खालचं नाव वाचता आलं पाहिजे.

रात्री प्रफुल्लचा फोन.
"माझे मामेच आठ हायत, दोन वाढवून दे ना."
"मग माझी आत्या कुठं ठेवू, कापसात?"
बघायला आला तेव्हा धड बोललो नव्हतो,
आता पहिल्यांदा भांडलो, तेही मामांवरून.
फोन ठेवल्यावर बरं वाटलं मला,
लग्न झाल्यासारखं.

चौथ्या दिवशी पन्नास भरले. बरोब्बर.
एक नंबर मी, दोन नंबर प्रफुल्ल.
बाबांनी मोठ्याने वाचलं, काकाने वाचलं,
तिसऱ्यांदा मी वाचत होते,
आई तूर पाखडत ऐकत होती,
आणि सुपाचा आवाज थांबला.

आई यादीत नव्हती.

"असू दे व," ती म्हणाली, "म्या त चुलीपाशीच रायणार.
तिथं मोजायले कोण येते?"
आणि सूप पुन्हा सुरू.
बाबा वहीकडे बघत राहिले,
चूक जशी काही भाऊरावकाकाचीच होती.

मी एक नंबरवरचं माझं नाव खोडलं.
ही रेघ जाड मारली.
वर लिहिलं, देवकाबाई महादेव ढगे.
नवरीवाचून लग्न होत नाही,
एवढं समुद्रपूर तहसीलला माहीत असेल.
बाबूने ओळी मोजल्या, शिक्का मारला.

लग्नाच्या दिवशी हवालदार आला,
जांभळीच्या डहाळ्यांखाली काठीने डोकी मोजत.
"एकावन. एक जास्ती हाय."
मामे एकमेकांकडे बघायला लागले.
मी हात वर केला, चुड्यासकट, हळदीसकट.
"जास्तीची मी, साहेब."

तो रुमालामागे हसला की नाही, कळलं नाही.
जनार्दनने फडकं हनुवटीवर ओढलं,
क्लॅरिनेट सुरू झालं.
दोन हात अंतर सोडून मांडलेल्या खुर्च्यांत
दुसऱ्या रांगेत आई बसली होती.
हात मोकळे. कुठे ठेवावेत, सुचेना तिला.
मग पदराला चिकटलेला कापूस
एकेक तंतू करत वेचायला लागली.