घरी कोण?

कुशिरोच्या इस्पितळाबाहेर मी टॅक्सी लावतो दुपारी तीनला.
सकाळी चालत आत गेलेली माणसं
त्या सुमारास बाहेर येतात,
एका डोळ्यावर चिकटपट्टीनं बसवलेली प्लॅस्टिकची वाटी,
हातात थेंबांच्या तीन बाटल्या,
आणि चेहरा जरा फसवणूक झाल्यासारखा :
एवढंच? वीस मिनिटं?

माझ्या वडिलांच्या वेळी डोळा म्हणजे आठवडा.
डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या,
खोकायचं नाही, हसायचं नाही,
आई घास भरवायची, ते विचारायचे,
मुळा की मासा?
शेजारच्या खाटेवर एक लाकूडतोड्या होता,
सात रात्री त्यांनी अंधारात गप्पा मारल्या.
पट्ट्या सुटल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिले, परक्यासारखे.
मग तो बोलला,
आणि वडिलांनी पटकन डोळे मिटून घेतले,
ओळख पटावी म्हणून.

आता कागदावर दोन चौकोन असतात.
आजच घरी. किंवा एक रात्र मुक्काम.
त्सुरुए हाताकेयामा, वय एकोणऐंशी, हामानाका किनारा,
हिनं पहिल्यावर खूण केलेली.
मुक्काम केला तर उद्याचं ऊन बुडेल, म्हणाली.
आमच्याकडे उन्हाळ्यात ऊन मोजून येतं,
बाकी सगळं धुकं,
आणि कोंबू एका दिवसात वाळला नाही
तर त्याला भाव येत नाही.
वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, नर्स म्हणाली.
नाही वाकणार. नुसती बघेन.

मग नर्सनं तो प्रश्न विचारला :
आज रात्री घरी कोण आहे?
आहे ना, त्सुरुए म्हणाली.
कोण?
ती माझ्याकडे बघायला लागली,
उघड्या डोळ्यानं, म्हणजे ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यानं.
तिच्या दारात गमबुटांचा एक जोड असतो, मापाने मोठा.
सहा वर्षांत तो जागचा हललेला मी पाहिला नाही.
डिझेलच्या पावतीवर उठवतो तोच शिक्का
मी त्या कागदावर उठवला.
नातं? या रकान्यात लिहिलं, शेजारी.
नव्वद किलोमीटर अंतरावरचा शेजारी.
नर्सनं वाचलं, काही बोलली नाही.

घरी सोडलं. तिनं चहा विचारला नाही,
जा म्हणाली, धुकं दाट होईल.
मी मीटर बंद केलं आणि रस्ता ओलांडून
जाळ्यांच्या शेडपाशी गाडी लावली.
शिक्का मारलाय तर रात्र काढायला हवी.

आठला आतला दिवा गेला. समुद्र दिसत नव्हता, नुसता आवाज.
दहाला दिवा लागला, थेंबांची वेळ, गेला.
दोनला काचेवर टकटक.
डोळा दुखतोय का? मी दचकून विचारलं.
नाही. तुला थंडी वाजते का?
हातात रजई होती, डोळ्यावर वाटी,
टॉर्चचा उजेड तिनं नेमका माझ्या तोंडावर मारला.
तासाभरानं पुन्हा आली, बघायला.
पहाटे पुन्हा.
त्या रात्री दाखल कोण होतं,
हे मला अजून नीट सांगता येत नाही.

सकाळी ऊन पडलं, लख्ख.
झेंडा चढला, होड्या निघाल्या,
आणि आम्ही उलट्या दिशेनं, परत कुशिरोला,
कारण दुसऱ्या दिवशीची तपासणी
तिनं हिशेबात धरलीच नव्हती.
वाटेत ती एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी वाटी काढली.
बाहेर येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली, बराच वेळ.
सहा वर्षं माझ्या गाडीत बसते ही बाई.
अरे, म्हणाली, तू म्हातारा आहेस की.
मग गाडीत बसून काचेवर बोट फिरवलं,
बोटाकडे पाहिलं :
आणि ही काच कधी पुसतोस?