खेचराचा थांबा

गल्ली इतकी अरुंद
की समोरून कुणी आलं तर
एकाला भिंत व्हावं लागतं.

"बालाक! बालाक!" बुश्ता ओरडतो, हटा बाजूला,
खेचराच्या पाठीवर गॅसचे सहा सिलिंडर
एकमेकांवर खणखणत.
मी फेझमध्ये परका,
हातातल्या नकाशानं केव्हाच हात टेकलेले,
म्हणून खेचराच्या मागे मागे.

इथल्या भिंती बाहेरच्याला काही सांगत नाहीत.
एखादं दार किलकिलं होतं,
आत अंगण, निळ्या फरश्या,
कारंज्याच्या काठावर वाळत टाकलेली सतरंजी,
वर चौकोनी बेतलेलं आभाळ.
एवढं दिसेतो दार लागतं.

एका दारापाशी खेचर थांबलं.
बुश्तानं दोर ओढला, शिवी हासडली.
ढिम्म.

"लाल्ला बातूल ह्याला संत्र्याची सालं द्यायची.
घर विकून चार वर्षं झाली,
आता पाहुण्यांचं हॉटेल आहे.
ह्याला कोण सांगणार?"

दारावर नवी पितळी पाटी, खोल्यांचे दर.
बुश्तानं झग्याच्या खिशातून
एक साल काढली, सुकलेली,
रोजच आणत असावा.
खेचरानं ती सावकाश चावली,
दाराकडे एकदा पाहिलं,
आणि मगच
उताराचं वळण घेतलं.