नाळ कोणी कापली?

वारा फिरला, आचाओहून फादरांची बोट आलीच नाही.
मग किल्ली माझी, मेणबत्त्या माझ्या,
प्रवचनही माझ्याच गळ्यात.
मी रेमिहियो बार्रिया, होड्या बांधणारा.
फळी कुठे चिरणार ते मला ठोकल्यावर कळतं,
शब्दाचं तसं नसतं.

चिलोएच्या बेटांवर डिसेंबर म्हणजे उन्हाळा.
रात्रीचे नऊ, तरी खिडकीत उजेड,
बाहेर बटाटा फुलावर आलेला,
आणि आत गव्हाणीभोवती पोरांनी
बर्फ म्हणून कापूस पसरलेला.
(बर्फ आम्हाला ठाऊक आहे तो लांबूनच,
खाडीपलीकडच्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचा.)

मी कागद उलगडला : प्रकाश. शांती. तारण.
नव्या होडीसारखे रंगवलेले शब्द,
पाण्यात अजून एकही न उतरलेला.
पोरं पेंगुळली. एक गोमाशी
माझ्यापेक्षा बरं बोलत होती.

तिसऱ्या बाकावरून एर्मेलिंदा पाइयाकार उठली.
अर्धं बेट तिच्या हातांत जन्मलेलं. मीसुद्धा.
म्हणाली, "ते राहू दे, रेमिहियो.
त्याची नाळ कोणी कापली, तेवढं सांग."

कागदात ते नव्हतं.

"तारा आला, मेंढपाळ आले, उंटांवरून पाहुणे आले.
पाणी तापवायला कोण आलं?
पोर पहिलटकरीण, गाव परकं, गुरांचा वास.
वार पडेपर्यंत कुणीतरी तिच्यापाशी बसलंच असणार,
शेजारची कुणी, चुलीवरून तशीच उठून आलेली,
जिचं नाव लिहायचं राहून गेलं.
तिच्या हातात देव आला,
निसरडा, निळसर, अजून श्वास न घेतलेला.

तो एक क्षण मला माहीत आहे.
खोलीतलं सगळं थांबतं.
रडेल की नाही, कुणालाच ठाऊक नसतं.
तू उशिरा रडलास, तुझी पाठ मी चोळचोळ चोळली.
त्याचीही कुणी चोळली असेल,
ज्याने हा समुद्र केला, त्याची.

आणि टाळू. टाळूला हाड नसतं रे.
बोट टेकलं की खाली धडधड लागते.
एवढा मोठा देव, आणि ती जागा
आपल्या अंगठ्याखाली उघडी ठेवून आला.
मी शिकलेली नाही. पण मला नाताळ तेवढाच कळतो."

बसताना तिचे गुडघे वाजले.
'आमेन' म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

मग शेवटच्या बाकावरून ओत्तिलिया आली,
जिचं बाळ जूनमध्ये रडलंच नाही.
एर्मेलिंदाने तेव्हाही पहाटेपर्यंत चोळलं होतं.
तिने कापूस बाजूला सारला,
मातीच्या बाळाच्या डोक्यावर अंगठा ठेवला.
भट्टीत भाजलेलं ते, टणक,
शेंदूरी गालाचं, कपाळाला एक टवका उडालेलं.
तरी तिने अंगठा काढला नाही.
बाहेर शेवटी अंधार पडला.
मी मेणबत्त्या विझवायला उठलो
आणि न विझवताच परत बसलो.

कागद अजून माझ्याकडे आहे.
मागच्या बाजूला आता
एका होडीच्या कण्याची मापं आहेत.