मशीनमध्ये काही नाही

तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा
रुवाराशेनं शिलाई मशीन आणून ठेवलं माझ्या टेबलावर.
साकुब्वाच्या बाजारात, टायरवाल्याला लागून,
माझं दुकान म्हणजे चार खांब आणि एक पत्रा.
"चालत नाही," म्हणाली. तेवढंच.

उघडलं. तेल होतं. पट्टा शाबूत, सुई सरळ.
हातानं चाक फिरवलं, तर जुन्या फडक्यावर
टीप पडली मक्याच्या दाण्यांसारखी सलग.
"सेकुरु, काय झालंय त्याला?"
"यात काही नाही, पोरी."
"मग माझ्यात असेल,"
आणि ती हसली, म्हणजे नुसते ओठ हलले.

आधीच्या दोन्ही वेळा मी पैसे घेतले होते.
एकदा स्क्रू पिळायचे,
एकदा उगीच पुसायचे.

वीज येते रात्री दोनला, जाते पाचला.
तेवढ्यात अख्ख्या वर्गाचे गणवेश.
झोप मग दिवसा, तापल्या पत्र्याखाली, म्हणजे नाहीच.
जेवण म्हणजे चहात बुडवलेला पाव.
नवरा बोत्स्वानात. फोन वाजला तरी दचकायचं,
नाही वाजला तरी.
हे तिनं एका बैठकीत सांगितलं नाही,
चिंध्या निघाव्यात तसं निघत गेलं, मागाहून.

आमच्याकडे याला कुफुंगिसिसा म्हणतात,
विचार करकरून झिजणं.
शब्दच एवढा लांब,
की म्हणतानाच अर्धा दम जातो.

मीही सांगून पाहिलं, सगळे सांगतात तेच:
डोंगराकडे फिरून ये, म्सासाला लाल पालवी फुटलीय.
रविवारी प्रार्थनेला ये. हसत राहा.
"पालवी दिसते, सेकुरु," ती म्हणाली.
"दिसते. पण इथपर्यंत येत नाही,"
आणि गळ्याखाली हात ठेवला.

मशीनला ताणाची एक चकती असते.
सैल सोडली तर खाली दोऱ्याचा गुंता,
आवळली तर दोराच तुटतो.
जाड खाकी आणि पातळ पॉपलीन
एकाच ताणावर शिवता येत नाहीत,
हे तीस वर्षं सांगतोय गिऱ्हाइकांना.

आणि स्वतः?
गेल्या जूनमध्ये मिनीबसमध्ये छाती अशी धडधडली
की पुलावरच उतरलो.
लोकांना म्हटलं, चिल्लर पडली.
मग बस जाईपर्यंत वाकून
धुळीत शोधत राहिलो नाणी,
जी माझ्या खिशात होती.

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.
रुवाराशेला का सांगितलं, ठाऊक नाही.
तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
"मग? मिळाली का चिल्लर?"

गुरुवारी दवाखान्यात रांगेत मी तिचा नंबर धरला.
नर्स मुचानेता विचारत गेली:
झोप? भूक? रडू येतं?
जगूच नये असं वाटतं कधी?
रुवाराशेनं चपलेकडे बघत म्हटलं, हो.
नर्स दचकली नाही.
पेन खाली ठेवलं
आणि खुर्ची जवळ ओढली.

मशीन अजून माझ्याकडेच आहे.
रात्रीची शिलाई सध्या बंद. गोळ्या बटणांच्या डबीत,
म्हणजे विसरणार नाही म्हणते, तरी विसरते.
दर बुधवारी नर्सकडे.
दुपारी दुकानात येऊन बसते,
कधी एखादं काज करते,
कधी नुसती बसते, आणि मी बोलत नाही,
जे मला फार जड जातं.
फीचं काही सुटलेलं नाही. फोन अजून तसाच.
पैसे परत करू लागलो तर घेतले नाहीत,
त्याच्या शेंगा आणल्या.

काल तिनं विचारलं,
"ही चकती किती फिरवायची?"
"कापड बघून."
"कापड कुठलं, तेच अजून कळायचंय," म्हणाली.

टायरवाला हवा भरत होता.
आम्ही शेंगा सोलत राहिलो.